आई-वडिलांची शुश्रूषा, घरच्या घरी

उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, वेळेवर औषधे देणे आणि रात्र जागून काढणे ही सगळी कामे वृद्ध आई-वडिलांच्या घरगुती शुश्रूषेत येतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते; देशाचे प्रमाण ८.६ टक्के होते. मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला आणि आई-वडील पेठेतल्या घरात, हे कोल्हापुरात नेहमीचे झाले आहे. मुलगा जवळ असला तरी प्रत्यक्ष सेवा बहुधा सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर पडते. हे कष्टाचे आणि कसबाचे काम आहे. ते शिकावे लागते आणि वाटूनही घ्यावे लागते.

शुश्रूषेची सुरुवात घरापासून होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत उंच उंबरा, अरुंद लाकडी जिना, परसातली न्हाणी आणि ओली शहाबादी फरशी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पासष्टीपुढील २८ ते ३५ टक्के माणसे दरवर्षी एकदा तरी पडतात. खुब्याचे हाड मोडले की चालते-फिरते माणूस अंथरुणाला लागते. म्हणून माडीवरचे अंथरूण वेळीच खाली सोप्यात आणावे, संडासात कमोड आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा असावा, वाटेतली सैल पायपुसणी उचलावीत, रात्रभर एक दिवा चालू ठेवावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर भोवळ येऊ शकते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच पाऊल टाकावे.

अंथरुणाला खिळलेल्यांची खरी लढाई पाठीच्या जखमांशी असते. माकडहाड, खुबे आणि टाचा सतत दबून राहिल्या की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते. दर दोन तासांनी कूस बदलणे हा यावरचा मुख्य उपाय. खांद्यापासून मांड्यांपर्यंत पुरेल अशी दुमडलेली सुती चादर रुग्णाखाली कायम अंथरावी. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून माणूस उचलून सरकवावा. बगलेत हात घालून ओढले तर नाजूक कातडी सोलवटते. पोटऱ्यांखाली उशी द्यावी म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजावी. तिथे तेल किंवा स्पिरिट लावून चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने नुकसानच होते. एअर बेडने दाब हलता राहतो, तरी कूस बदलावीच लागते.

भरवतानाही घाई नको. पाठ सरळ टेकवून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. अर्धांगवायू झालेल्यांना पातळ पाण्यानेही ठसका लागतो आणि घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. आमटीत कुस्करलेली मऊ भाकरी अशांना सोसते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

घरचे हात अपुरे पडले की शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोकडून पगारी मावशी किंवा मामा येतात, बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे. अंग पुसणे, डायपर बदलणे, फिरवणे ही त्यांची कामे. इंजेक्शन, लघवीची नळी बदलणे ही कामे मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या नर्सनेच करावीत. कामाचे तास, सुट्टी, पगार आणि कामे आधीच कागदावर ठरवावीत, पोलिस पडताळणी करून घ्यावी. चोवीस तासांच्या मावशींनाही सलग झोप आणि पोटभर जेवण लागतेच. थकलेल्या हातून चूक होते. औषधे, साखर, रक्तदाब, लघवी, संडास यांची वही उशाशी ठेवली तर डॉक्टरांना आणि परगावच्या मुलांना खरी स्थिती कळते.

कोल्हापुरात पावसाळ्याची वेगळी तयारी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट आहे. सखल भागातल्या अंथरुणावरच्या रुग्णाला इशारा पातळीलाच हलवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये पुरामुळे महामार्ग कित्येक दिवस बंद होता, त्यामुळे जुलैपूर्वी दोन-तीन आठवड्यांची औषधे घरात असावीत. वीज गेली की एअर बेड आणि ऑक्सिजन यंत्रही बंद पडते, त्याचा पर्याय आधीच पाहावा.

सरकारी आधार मर्यादित आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरच्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. ही मोठी उणीव आहे. मुले सांभाळत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो आणि सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, ती अट मोडल्यास, परत मागता येते. अशा तक्रारीसाठी किंवा साध्या माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.