पथ्य का मोडते?

डॉक्टर सांगतात, "गोड कमी करा. वजन उतरवा." आपण ठरवतो, आजपासून गोड बंद. चार दिवस नीट जातात. पाचव्या दिवशी शेजारी बारसे असते. पानात जिलबी येते. तोंडाला पाणी सुटते आणि पथ्य मोडते. घरची माणसे म्हणतात, "यांचा जिभेवर ताबाच नाही!"

पण सारा दोष जिभेला का द्यायचा? घ्यायचे की सोडायचे, हे मेंदू ठरवतो.

अमेरिकेत पासाडेना शहरात कॅलटेक नावाची विज्ञानसंस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ३७ माणसांना बोलावले. सगळी पथ्यावर होती. त्यांना खाण्याच्या पदार्थांची चित्रे दाखवली. "हे खाल का?" असे विचारले. त्याच वेळी यंत्रातून त्यांच्या मेंदूचे काम पाहिले. हा अभ्यास २००९ साली छापून आला.

त्यात काय दिसले? कपाळामागे मेंदूचा एक भाग आहे. तो बाजारातल्या तराजूसारखा आहे. समोरचा पदार्थ किती हवासा आहे, हे तो तोलतो. ज्यांना मोह आवरत नव्हता, त्यांच्या तराजूत फक्त चव पडत होती. ज्यांना आवरत होता, त्यांच्या तराजूत चवही पडत होती आणि तब्येतही. त्यांच्या मेंदूचा आणखी एक भाग जोराने काम करत होता. तब्येतीचे वजन तराजूत टाकायला तो मदत करत होता.

म्हणजे पथ्य पाळणाऱ्याला गोड कडू लागते, असे नाही. त्यालाही ते गोडच लागते. पण त्याला तब्येतीचीही आठवण होते.

ही आठवण करून देता येते का? येते. २०११ साली अशाच एका अभ्यासात माणसांना सांगितले, "आधी तब्येतीचा विचार करा, मग निवडा." तेवढ्याने त्यांची निवड सुधारली.

तेव्हा हात पुढे करण्याआधी जरा थांबा. मनाला विचारा, "हे माझ्या अंगाला मानवेल का?" गोडाचा डबा डोळ्यांआड ठेवा. पथ्य म्हणजे उपास नव्हे. मधुमेहाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका.

आणि घरच्यांनो, पथ्य मोडले तर टोमणे मारू नका. पुढच्या वेळी पान वाढताना प्रेमाने आठवण द्या.