चांदी घेताय? आधी ‘९२५’ म्हणजे काय ते समजून घ्या

रोवणीच्या दिवसांत पैशाची अडचण आली की गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत पेटीतली चांदी बाहेर निघते. पण १०० ग्रॅमच्या तोरड्या मोडायला नेल्या, तर १०० ग्रॅम चांदीचे पैसे हाती येत नाहीत. असं का?

शुद्ध चांदी मऊ असते, दागिना लवकर वाकतो. म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी असली की ती ‘स्टर्लिंग सिल्व्हर’. म्हणजे १०० ग्रॅमला ९२.५ ग्रॅम चांदी. ‘८००’ असेल तर फक्त ८० ग्रॅम. यालाच सोनार ‘टंच’ म्हणतात. मोडीत पैसे टंचाप्रमाणे मिळतात, घडणावळ परत मिळत नाही.

काळी पडली म्हणून चांदी खोटी ठरत नाही. हवेतल्या गंधकामुळे खरी चांदीही काळवंडते. चुंबकाला चिकटली नाही म्हणून ती खरीही ठरत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ही सहसा चिकटत नाही, आणि त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आला. तो ऐच्छिक ठेवला आहे, म्हणून आपणच मागायचा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की शुद्धता कळते.

पक्क्या बिलावर वजन, टंच, भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. ते बिल तोरड्यांसोबत पेटीतच ठेवा. मोडायची वेळ आली तर तेच कामी येईल.