सदऱ्याची खरी किंमत



ज्या माणसाने उभे आयुष्य कापड विणणाऱ्यांची संघटना बांधण्यात घालवले, त्यानेच येथे येऊन ‘कापड कमी घ्या’ असे सांगावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. ‘हा गृहस्थ आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतो आहे,’ असेही कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी शेवटी देईन. त्याआधी आपण अंगातल्या कपड्याचा हिशेब मांडू.

पहिली बाब पाण्याची. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या पेरणीपासून धरले तर, सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा जगभर मानला गेलेला अंदाज आहे. रोज तीन लिटर पिणाऱ्या माणसाला एवढे पाणी अडीच वर्षे पुरेल. अर्थात ही सरासरी झाली. आपल्या विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. तो पावसावर येतो. परंतु जेथे नद्या वळवून कापूस पिकवला, तेथे काय झाले ते पाहा. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० साली जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होता. सोव्हिएत राजवटीने त्याला मिळणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या कालव्यांत नेले. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत समुद्राचा बहुतेक भाग आटला आणि मासेमारीच्या होड्या वाळूत रुतून राहिल्या.

दुसरी बाब रंगाची. त्यासाठी परदेशी जायला नको. आमच्या इचलकरंजीत काळा ओढा आहे. कापड धुण्या-रंगवण्याचे पाणी आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो पंचगंगेला मिळतो. खाली नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. ज्या कामगाराच्या हाताने रंग चढतो, त्याच्याच खालच्या अंगाच्या गावात ते पाणी जाते.

‘मग सूतच नको, पॉलिएस्टर घेऊ,’ असे कोणी म्हणेल. आज जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच आहे. पण ते खनिज तेलापासून होते. दर धुण्याला त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटून गटारावाटे नदीत जातात, आणि टाकून दिल्यावर ते सुतासारखे मातीत कुजत नाही. तेव्हा सूत चांगले की पॉलिएस्टर, हा मुख्य प्रश्नच नव्हे. मुख्य प्रश्न असा, की घेतलेला कपडा आपण किती दिवस वापरतो?

तिसरी बाब माणसाची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तीत परदेशी दुकानांसाठी कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना कामावर बोलावण्यात आले. ११३४ माणसे दगावली. त्यांत बायका अधिक. कपडा स्वस्त झाला म्हणजे त्याची किंमत नाहीशी झाली असे नव्हे. ती दुसऱ्या कोणी तरी भरलेली असते.

आता आपण काय करावे? माझा हिशेब साधा आहे. तीनशे रुपयांचा सदरा पाच वेळा घालून टाकला, तर एका वापराचे साठ रुपये पडले. नऊशेंचा शंभर वेळा घातला, तर नऊ रुपये. मग स्वस्त कोणता? पाण्याचा आणि रंगाचा हिशेबही याच रीतीने होतो. म्हणून घेताना कापड उजेडाकडे धरून वीण पाहावी, शिवण ताणून पाहावी, आत माया सोडली आहे की नाही ते पाहावे. माया असेल तर वाढत्या अंगाला कपडा सैल करता येतो. एकदा घातला की धुतलाच पाहिजे, असे नाही. धुवायचा तर गार पाण्यात, आणि वाळवायला आपले ऊन आहेच. उसवले तर त्याच दिवशी टाका घालावा. पुढे थोरल्याचा धाकट्याला, मग बोहारणीला, उरले ते गोधडीला. आपल्या आयांना हे कोणी शिकवले नव्हते, गरजेने शिकवले. आता गरज घराची नसून नदीची आहे, एवढाच फरक.

आता सुरुवातीची शंका. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतलेच. आम्ही गावी परतलो आणि माझी शाळा सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. लोकांनी कापड घेणे सोडले म्हणून त्या पडल्या काय? कापडाचा खप तर वाढतच गेला! काम गेले यंत्रमागांकडे, जेथे मजुरी मीटरावर मोजली जाते आणि रजा, फंड, पेन्शन ही बहुतेकांना ठाऊकही नसतात. म्हणजे अधिक कापड खपल्याने कामगाराचे भले होते, हे खरे नाही. भले होते ते विणलेल्या प्रत्येक मीटराला योग्य दाम मिळाल्याने. शिवाय रफू करणारा, जुने बेतून नवे शिवणारा शिंपी, यांचे काम याच गावात राहते.

तेव्हा उद्या दुकानात सदरा हातात घ्याल, तेव्हा किंमत पाहण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा मी शंभर वेळा घालीन काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो खुंटीवर परत ठेवा. त्याने माझ्या माणसांचे काहीही वाईट होणार नाही, याची हमी मी देतो.