४,४९२ मतांनी फिरलेले पारडे

छत्रपती संभाजीनगर - राजकारणात रावाचा रंक आणि रंकाचा राव होण्यास वेळ लागत नाही, असे म्हणतात. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाने गेल्या काही वर्षांत याचा प्रत्यय एकदा नव्हे, तर अनेकदा दिला आहे.

शिवसेनेचे चंद्रकांत खैरे १९९९ पासून सलग चार वेळा येथून लोकसभेवर गेले. २०१४ मध्ये त्यांचे मताधिक्य तब्बल १ लाख ६२ हजारांचे होते. पाचच वर्षांनी, २०१९ मध्ये, एमआयएमचे इम्तियाज जलील यांनी त्यांना अवघ्या ४,४९२ मतांनी पराभूत केले. पत्रकारितेतून आलेले जलील २०१४ मध्येच प्रथम आमदार झाले होते.

या निकालाचे गमक मतविभागणीत होते. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८३ हजार ७९८ मते घेतली. म्हणजे खैरे यांच्या पराभवातील फरकाच्या सुमारे ६३ पट. दुसरीकडे, वंचित बहुजन आघाडीशी केलेली युती एमआयएमच्या पथ्यावर पडली. आपल्या निवडणूक पद्धतीत निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. सर्वाधिक मते पुरेशी असतात. जलील यांना झालेल्या मतदानाच्या साधारण एक तृतीयांश मतांवर दिल्ली गाठता आली ती त्यामुळेच.

फुटीनंतरचे चित्र

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. जिल्ह्यातील पक्षाच्या सहापैकी पाच आमदारांनी एकनाथ शिंदे यांची साथ धरली. त्यांत पैठणचे संदिपान भुमरे होते. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने शहराच्या नामांतराचा निर्णय घेतला आणि त्याच रात्री ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पैठण विधानसभा क्षेत्र जालना लोकसभा मतदारसंघात मोडते. तरीही २०२४ मध्ये भुमरे औरंगाबादमधून उभे राहिले आणि १ लाख ३४ हजार ६५० मतांनी विजयी झाले. जलील दुसऱ्या, तर खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. वंचितने या वेळी स्वतंत्र उमेदवार दिला होता. २०१९ च्या तुलनेत जलील यांची सुमारे ४७ हजार, तर खैरे यांची सुमारे ९१ हजार मते घटली. जाधव यांना तर ४० हजारांचा पल्लाही गाठता आला नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये जलील विधानसभेसाठी औरंगाबाद पूर्वमधून लढले. तेथे भाजपचे अतुल सावे यांच्याकडून ते २,१६१ मतांनी हरले.

या सर्व निकालांत मतदारांचे मन एका रात्रीत पालटले, असे आढळत नाही. दोन्ही पराभूतांच्या पाठीशी लाखांच्या संख्येने मतदार राहिलेच. बदलली ती युत्या-आघाड्यांची आणि उमेदवारांची मांडणी. मतदारसंघ बहुरंगी असला, की एवढा बदलही खुर्ची हलवण्यास पुरतो.

नळाचे काय?

नेत्यांचे नशीब असे झपाट्याने फिरत असताना नागरिकांचा मूळ प्रश्न मात्र रेंगाळला. जायकवाडीतून शहराला पाणी देणारी १,६८० कोटी रुपयांची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झाले. त्यानंतर सरकारे बदलली, खासदार बदलला आणि योजनेचा खर्च २,७४० कोटींवर गेला. निवडणुकीत कोण आपटले याची चर्चा शहरात रंगतेच. नव्या विजयी उमेदवाराला या पाण्याचा हिशेब विचारण्याचे कामही मतदारांनाच करावे लागणार आहे.