अंगाने बारीक, तरी साखरेचा धोका



"आमच्या घरात कोणी जाडा नाही, आम्हांला कसली साखर होते?" असे आपल्या वाडीवस्तीत सहज बोलले जाते. हा समज सोडायला हवा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना आपले ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी पोटात चरबी साठते. तिच्यामुळे इन्सुलिनचे काम अडते आणि रक्तातली साखर वाढते. आईला गरोदरपणी पुरेसे अन्न मिळाले नाही, तर कमी वजनाच्या बाळाला पुढे हा धोका अधिक असतो. आपल्या आज्या-पणज्या अर्धपोटी राबल्या, म्हणून आपण जास्त सावध राहायला हवे.

हा आजार किती छळतो, हे आपण बाबासाहेबांच्या चरित्रात वाचले आहे. मधुमेहाने त्यांचे पाय दुखत, रात्र रात्र झोप लागत नसे. १९४८ नंतर डॉ. सविता अर्थात माईसाहेब यांनी त्यांचे पथ्यपाणी आणि इन्सुलिन सांभाळले. आज आपल्याला वेळीच तपासणी मिळते, ती आपण करून घेतली पाहिजे.

धोका ओळखा : कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीपेक्षा जास्त असेल तर सावध व्हा. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तरीही धोका वाढतो. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांना भेटा.

ताट बदला : कोसलचा राजा प्रसेनजित पोटाला तडस लागेपर्यंत भात खाई. भगवान बुद्धांनी त्याला मात्रा जाणून जेवायला सांगितले. राजाने भात हळूहळू कमी केला आणि तो हलका झाला. आपणही भाताची एक वाढणी कमी करून तिथे कुळथाची पिठी, टाकळ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी घेऊ. बांगडा, पेडवे तळण्यापेक्षा तिखल्यात बरे. चहातली साखर निम्मी करू, थंड पेये बंद करू. दारूला तर पंचशीलातच मनाई आहे, बिडी-तंबाखूही सोडू.

चाला : रोज अर्धा तास भरभर चाला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या माणसांवर अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहार-व्यायाम सुधारणाऱ्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही!

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. पुढचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात, गरज पडली तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मिळतात. ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत. उपोसथाला उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी सगळी वाडी विहारात जमते. त्यातला एक रविवार आशाताई आणि आरोग्यसेविकेला बोलावून तपासणीसाठी ठेवूया. सोबत कंबर मोजायला शिंप्याची टेप असली म्हणजे झाले.