ऑइलपेंटखालचा नाग

पहाटे ५.३०. सांगली स्टँडवर विट्याची एसटी लागलेली असते. बरोबर माझी दोन पोरं. पोरं म्हणजे कामावरची, पंचविशीतली. सामान गावातच ठेवलेलं असतं, त्यामुळे पिशवीत फक्त डबा, मास्क आणि वही. तासगाव सोडेपर्यंत बाहेर द्राक्षबागा आणि खिडकीतून थंडी. जानेवारीत या खिडक्या कधी नीट बंद होत नाहीत.

७.१५. विटा. चहा. शेजारच्या बाकावर एक जण कुठल्याशा लांबच्या गावच्या भट्टीबद्दल फोनवर बोलतोय. सोन्याचांदीच्या गलाईपायी हा तालुका देशभर पांगलेला आहे. गावातली देवळं रंगवायला पैसा बऱ्याचदा तिकडूनच येतो, हे मला देवळांवरचा रंग काढायच्या या धंद्यात पडल्यावर कळलं. पुढचे बारा किलोमीटर वडापने.

८.००. देऊळ. महादेवाचं, लहानसं: गाभारा, अंतराळ, चार मोठ्या खांबांचा मंडप. गावात त्याला हेमाडपंती म्हणतात, आणि पांडवांनी एका रात्रीत बांधलं असंही म्हणतात. दोन्ही एकदम कसं, असं कुणी विचारत नाही. हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. अंबरनाथचं देऊळ शके ९८२चं, १०६० सालचं. त्याच्याआधी दोनशे वर्षांचं. पण दगडावर दगड, मध्ये चुना नाही, अशी चिरेबंदी दिसली की नाव त्याचंच.

८.३० ते ११.००. बरंचसं काम एवढ्याच वेळात होतं. ऊन चढलं की रिमूव्हर रंगात मुरायच्या आधीच वाळतो. जाडसर थर ब्रशने लावायचा, पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. मग दुधावरच्या सायीसारखा रंग सुरकुततो. लगेच बांबूच्या कामटीने तो उचलायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, पाण्याने धुवायचं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. वाळूचा फवारा मारला तर दिवसभराचं काम तासात होईल. नक्षीही त्याच तासात जाईल.

आजच्या खांबावर वर आकाशी, त्याखाली पोपटी, त्याखाली गेरू, तळाला चुना. चुन्यावर रिमूव्हर चालत नाही. तो ओल्या कागदाच्या लगद्याने भिजवायचा आणि टवका टवका करून काढायचा. बोटाच्या पेराएवढ्या जागेला कधी अर्धा तास जातो. पोरं कंटाळतात. मीही कंटाळते, पण सांगत नाही.

रंगाने दगडाचं काय बिघडतं, हे सगळेच विचारतात. जोत्यातून वर चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते. ऑइलपेंटने ती बुजवली की ओल आतच राहते, तिच्याबरोबरचे क्षार पृष्ठाखाली साठतात आणि एक दिवस रंगासकट दगडाचं साल सुटतं. या खांबाच्या तळाशी ओंजळभर तुकडे असेच पडलेले मिळाले. मी ते डबीत ठेवलेत.

१.००. जेवण. भाकरी, झुणका, खर्डा. देवळाच्या कट्ट्यावर आप्पा येऊन बसतात. वय ऐंशीच्या पुढे. कमिटीत नाहीत, पण कमिटी त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. आज मी त्यांना मोबाईलवर जपानमधल्या इसेच्या देवळाचा फोटो दाखवला. सूर्यदेवी अमातेरासूचं देऊळ. या बांधणीला शिनमेई-झुकुरी म्हणतात: हिनोकी लाकडाचे खांब पायाच्या दगडाशिवाय थेट जमिनीत रोवलेले, वर गवताचं छप्पर, छपराच्या टोकांना आकाशात गेलेल्या दोन-दोन फळ्या. खालची जमीन जोत्यासारखी भरीव नाही, उंच उचललेली.

“हे तर धान्याचं कोठार दिसतंय गा,” आप्पा म्हणाले.

मी बघतच राहिले. जाणकार तेच सांगतात. ही बांधणी उंच खांबांवरच्या धान्यकोठारातूनच आली.

“रंग न्हाई दिलेला?”

“नाही आप्पा. वार्निशसुद्धा नाही.”

“मग कुजत असंल की.”

“कुजायच्या आत नवं बांधतात. दर वीस वर्षांनी, शेजारच्या मोकळ्या जागेवर, हुबेहूब. पहिल्यांदा ६९० साली बांधलं. मधे लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला, तेवढाच. २०१३ साली बासष्टाव्यांदा झालं, आता २०३३ला.”

आप्पांनी खर्ड्याचा घास घेतला. “आन् जुनं लाकूड?”

“दुसऱ्या देवळांना देतात. मुख्य दोन खांबांची पुलावरची कमान करतात.”

“मग जुनं म्हणायचं कशाला?”

याचं उत्तर मला नीटसं देता आलं नाही. सुतार जुना राहतो, एवढं म्हणाले. विशीत शिकायला आलेला माणूस चाळिशीत पुन्हा तेच देऊळ बांधतो आणि साठीत शिकवतो. आमच्याकडे दगड आठशे वर्षं टिकला, म्हणून पुन्हा बांधायची वेळ आली नाही. आणि आज या मंडपाचं छत सुटलं तर ते परत तसंच चढवणारा माणूस मला पंचक्रोशीत माहीत नाही. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा, त्याने लहान झालेल्या चौकोनावर पुन्हा शिळा, असं आकसत वर गेलेलं छत. कसं केलं ते दिसतं सगळं. पण बघणं वेगळं. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत शेकडो वेळा पाहिलंय. म्हणून काय मला ते बांधता येणार आहे?

आप्पा मात्र दुसऱ्याच विचारात होते. “ह्यो आकाशी रंग,” ते म्हणाले, “म्याच दिलाय. जत्रंच्या आधी. तीन दिवस शिडीवर हुतो. देवाला चांगलं दिसावं म्हनून.”

पोरं खाली बघायला लागली. सकाळी याच रंगाला त्यांनी काय काय नावं ठेवली होती, ते मी ऐकलं होतं.

३.००. ऊन उतरायला लागलं तसं वरच्या भागाला हात घातला. खांब तळाला चौकोनी, मधे अष्टकोनी, वर गोल, आणि तुळईखालच्या हातांवर रंगाचा नुसता गोळा. दोन थर निघाले आणि मोठ्या पोराने हाक मारली. कामटीच्या टोकाखाली फण्याची कड होती. तासाभरात नाग निघाला: ताठ फणा, त्यावर बारीक खवले. यादवकाळच्या खांबांवर असे नाग असतातच. मला त्याचं नवल नव्हतं. नवल हे की डाव्या अंगाचे खवले अर्धेच खोदलेले. तिथून पुढे फक्त छिन्नीने आखलेल्या रेघा. कारागिराची वेळ संपली की मजुरी, कोण जाणे. मी वहीत चित्र काढलं, माप घेतलं.

५.३०. ब्रश धुतले. रंगाचा चोथा पोत्यात भरला. तो ओढ्यात जाता कामा नये. आप्पा पुन्हा आले, शिडी धरायला लावून दोन पायऱ्या चढले आणि नागावरून अंगठा फिरवला. उतरून म्हणाले, “बाई, घरी आकाशीचा अर्धा डबा उरलाय. गोठ्याच्या दाराला चालंल का?”

चालेल म्हटलं.