सावली पांढरी, ऊन काळं!

‘हॅरी पॉटर’चा पहिला सिनेमा आठवतोय? त्यातल्या हॉगवर्ट्सच्या काही दगडी ओवऱ्या खऱ्याखुऱ्या आहेत बरं का! इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या जुन्या मठात ते शूटिंग झालं. आपल्या मोठ्या देवळांत असतात तशाच या ओवऱ्या. मध्ये मोकळा चौक, भोवती छत आणि कमानींमधून आत शिरणारं ऊन.

सोळाव्या शतकात मठ बंद पडला आणि त्याचं राहतं घर झालं. तीनशे वर्षांनी तिथे राहत होते विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. त्यांना चित्र काही केल्या नीट जमेना. मग त्यांच्या मनात आलं, उन्हाकडूनच चित्र काढून घेतलं तर?

त्यांनी कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट फासलं. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार झालं. त्यावर प्रकाश पडला, की चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि कागद काळवंडतो. हो, चांदी इतकी बारीक झाली, की काळपट दिसते! असे कागद भिंग लावलेल्या छोट्या लाकडी पेट्यांत बसवून त्या पेट्या ते इथे-तिथे मांडून ठेवत. त्यांची बायको कॉन्स्टन्स या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणायची!

ऑगस्ट १८३५ मध्ये घरातली एक खिडकी अशी उमटली. आज टिकून असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह. चित्र इवलंसं, पण टॅल्बटनी शेजारी लिहून ठेवलंय, की सुरुवातीला भिंगातून काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता यायचे. काचा मात्र काळ्या आणि मधल्या पट्ट्या फिकट! कारण ऊन पोचलं तिथे कागद काळा पडला. सावलीत काही घडलंच नाही, कागद कोराच राहिला. मला यातलं हेच सर्वांत आवडतं. ओवरीच्या निगेटिव्हमध्ये उन्हातला खांब काळा असतो आणि कमानीखालचा अंधार पांढरा. ती दुसऱ्या तशाच कागदावर ठेवून उन्हात धरायची. पांढऱ्या भागातून ऊन आरपार जातं, खालचा कागद तिथे काळा होतो आणि सावली आपल्या जागी येते.

अशा जुन्या फोटोंत कमानींच्या आतलं अनेकदा दिसतच नाही. आपण तिथे उभे राहिलो तर दिसेल, कारण अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. कागदाला ती सोय कुठली? आणि फार वेळ थांबावं, तर सूर्य सरकतो, सावलीची कड पुसट होते.

१८४० मध्ये टॅल्बटना नवी युक्ती सापडली आणि फोटोला लागणारा वेळ खूप कमी झाला. १८४४ पासून त्यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागांनी निघालं. त्यातलं १६वं चित्र याच ओवऱ्यांचं. छापलेलं नाही हं! प्रत्येक प्रतीत उन्हात तयार केलेला खरा फोटो चिकटवलेला होता.